काशीरामाच्या छातीवरनं

फटफटलं की यमुनाबाई वाडीच्या तोंडाशी गाडीतून उतरायची. आधी दार ढकलायचं, मग दोन्ही पाय बाहेर काढून रस्त्यावर रोवायचे, मग दाराची चौकट धरून, गुडघ्यांना शिव्या देत, विहिरीतून वर यावं तशी ती वर यायची. गाडीच्या टपावर काथ्यानं बांधलेल्या दोन फळ्या असत. होडी वाळूवर ओढताना खाली घालतात तसल्या, खाऱ्या पाण्यानं काळ्या पडलेल्या. रस्त्यात आडव्या बांधलेल्या चिऱ्यांच्या उंचवट्यावर ती त्या टाकायची, पायानं दाबून बघायची, डब्यातली मूठभर राख वर भुरभुरायची. मग बाजूला होऊन कमरेवर हात ठेवायची आणि शेजारणीकडे मीठ मागावं तशा रोजच्या आवाजात म्हणायची, "काशीरामा, तुझ्या छातीवरनं जातंय."

मग चाकामागे बसलेला तिचा नवरा ती बुटकी लाल गाडी हळूहळू फळ्यांवर चढवायचा. अर्ध्यावर आली की फळ्या डुलून पुढे कलायच्या आणि गाडी पलीकडे उतरायची. यमुनाबाई फळ्या उचलून पुन्हा टपावर बांधायची, आत बसायची, आणि पुढच्या झाकणाखाली बर्फात ठेवलेल्या मासळीसकट गाडी रत्नागिरीच्या बाजाराकडे निघायची. शर्यतीसाठी बनवलेली गाडी होती ती. तिच्या बहिणी जगात कुठे कुठे वाऱ्याशी पैजा लावत असतील. ही रोज सुरमई आणि बांगडे वाहायची.

काशीराम त्या वेळी बहुतेक आपल्या अंगणात दात घासत उभा असे. त्याचं घर उंचवट्याला लागूनच होतं. त्याला ऐकू जायचं. ऐकू जावं म्हणूनच ती म्हणायची.

गाडी आणली होती दादूनं, तिच्या नवऱ्यानं. दादू शिवलकरानं उमेदीची सगळी वर्षं मुंबईत ग्रँट रोडजवळच्या एका गॅरेजात परदेशी गाड्यांच्या खाली झोपून काढली. गणपतीला आणि शिमग्याला तो घरी यायचा, नखांतलं काळं सोबत घेऊन, आणि परत जायचा. गॅरेजच्या एका एकट्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं देश सोडताना जळक्या इंजिनासकट ही गाडी त्याच्या गळ्यात टाकली. लोकांच्या गाड्यांतून उरलेल्या वेळात दादूनं ती पुन्हा जिवंत केली. एक्याऐंशी साली गॅरेज बंद झालं, तेव्हा एक ट्रंक आणि ही गाडी एवढं घेऊन तो वाडीत उतरला. दोनच सीट. छत माणसाच्या कमरेला लागेल एवढं. इंजिन मागे आणि सामानाचा कप्पा पुढे, त्यामुळे बॉनेट उघडून बघणाऱ्याला आत नुसता खड्डा दिसायचा. वाडीतल्या लोकांना वाटलं, दादूला मुंबईत कुणीतरी फसवलं, इंजिन काढून घेऊन गाडी दिली.

यमुनाबाईनं गाडी पाहिली आणि ती चुलीकडे वळली. रात्रीची भाकरी वाढताना एकदम म्हणाली, "मी इथं तुमच्या आईचं केलं. दर वर्षी घर शाकारलं. डोक्यावर टोपली घेतली. आणि तुम्ही येताना सवत आणलीत. ती पण लाल."

दादू खाली मान घालून जेवला. गाडीवरची माया तर उघडी दिसत होती. त्यानं परसात झावळ्यांचा मांडव घातला, गाडी त्यात ठेवली, वर ताडपत्री टाकली. रोज ताडपत्री काढून तो तिला पुसायचा, अधूनमधून सुरू करायचा, डोळे मिटून आवाज ऐकायचा. दसऱ्याला झेंडूची माळ घालायचा. बाहेर कुठे न्यायचा नाही. यमुनाबाई विहिरीवर जाता-येता ते बघायची. तिच्या उभ्या आयुष्यात तिच्याकडे कुणी असं डोळे मिटून लक्ष दिलं नव्हतं.

तिच्या बाजाराचं वाहन वेगळं होतं. वाडीपर्यंत बस येत नसे. होता तो काशीरामचा टेंपो. काशीराम वाडीतलाच, तिच्याहून बराच लहान. ती लग्न होऊन आली तेव्हा शेंबडा पोर होता. आता ग्रामपंचायतीचा मेंबर झाला होता आणि पांढराशुभ्र शर्ट घालू लागला होता. त्याच्या टेंपोत पुढच्या बाकांवर बाकीची माणसं आणि मागे, फाळक्याशी, मासळीवाल्या. बाईचं भाडं वेगळं, टोपलीचं वेगळं. यमुनाबाईला मागं बसण्याचं दुःख नव्हतं. तिथं वारा लागायचा.

मग लग्नसराईत एका सकाळी घाटीच्या वर, फाट्यावर, एक वऱ्हाड उभं होतं. रेशमी साड्या, अत्तर, गजरे. काशीरामनं टेंपो थांबवला आणि मासळीवाल्यांना खाली उतरायला सांगितलं. वऱ्हाडाला पोचवून पुढच्या खेपेला येतो म्हणाला. पुढच्या खेपेपर्यंत मासळीचं काय होईल हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या आईनं जन्मभर तोच धंदा केला होता. बायका कुरकुरत उतरल्या. यमुनाबाईच्या शेजारी बसणारी कमळाही टोपली डोक्यावर घेऊन उतरली. यमुनाबाई उतरली नाही. मी भाडं दिलंय आणि मी बसलेय, एवढंच ती म्हणाली.

काशीरामनं तिला हात लावला नाही. ती हिंमत त्याच्यात नव्हती. त्यानं तिच्या टोपलीला पाय लावला. चपलेसकट. रोज पहाटे जिला हात लावून तो हात ती कपाळाला लावायची, त्या टोपलीला. टोपली फाळक्यावरून खाली गेली आणि बांगडे तांबड्या मातीत लोळले. वऱ्हाडातल्या कुणीतरी हसलं. एका बाईनं नाकाला पदर लावला.

यमुनाबाईनं खाली उतरून एकेक मासा वेचला. कमळा मदतीला वाकली तर तिनं तिचा हात बाजूला केला. ती बाजाराला गेलीच नाही. मातीनं माखलेली टोपली डोक्यावर घेऊन घाटी उतरून घरी चालत आली. डोळ्यांत पाणी नव्हतं. रागानं तोंड कोरडं पडलं होतं, आणि चालताना तिला तो पाय दिसत होता. नुसता पाय. माणूस नाही.

दादू मांडवात गाडी पुसत होता. तिनं टोपली गाडीच्या झाकणावर ठेवली. माशांचं पाणी आणि लाल चिखल त्या चकचकीत लाल पत्र्यावरून ओघळले.

"उद्यापासून ही मला बाजारात नेणार," ती म्हणाली.

काय घडलं ते ऐकून दादू आधी काठीच शोधायला निघाला होता. पण गाडीबद्दलचं तिचं म्हणणं ऐकल्यावर जागच्या जागी बसला. मग तो समजावू लागला. हिचं पोट जमिनीपासून वीतभर. आपला रस्ता जांभ्याचा, दगडगोट्यांचा. आत कातड्याच्या सीटा. ज्या वेगाला हिचं इंजिन जागं होतं तेवढा सरळ रस्ता जिल्ह्यात नाही. अशा गाड्या लोक काचेत ठेवतात.

"चालते का?"

"चालते. पण..."

"मग चालवा. नायतर ती आणि तुम्ही, दोघं मांडवात झोपा."

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई शर्यतीच्या गाडीतून बाजारात गेली. पुढच्या कप्प्यात दादूनं पत्रा बसवून दिला होता. इंजिनाची आग सगळी मागे, त्यामुळे पुढे ऊब पोचत नसे. बर्फ बाजारापर्यंत खडाच्या खडा राहिला. टेंपोच्या तापल्या पत्र्याशी शिजत आलेल्या मासळीपुढे तिची मासळी आत्ताच जाळ्यातून काढल्यासारखी दिसली. ही गोष्ट दादूला मुंबईत इतकी वर्षं कळली नव्हती आणि कळण्याचं कारणही नव्हतं.

गाडीवर मात्र तिचा जीव कधीच बसला नाही. पाठीला भट्टी लागायची. कानांत घरघर. डोळ्यांसमोर ट्रकची चाकं यायची, आपण आता त्यांच्याखालून जाणार असं वाटायचं. बाजारात उतरताना दोघी जणी हात धरून तिला उपसून काढायच्या. मांडवी बंदराकडून पोरं सायकली मारत यायची, गाडीभोवती घोळका करायची, आणि यमुनाबाई टोपली उतरवताना त्यांच्या अंगावर खेकसायची. रोज खेकसायची.

एकदा मुंबईचा एक गॉगलवाला माणूस आला. त्यानं झाकणावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि तिच्याकडे न बघता दादूला म्हणाला, अशा गाडीतून मासळी नेणं हे पाप आहे. मला द्या, मी नीट ठेवीन.

यमुनाबाईनं हातातला कोयता पाटावर ठेवला. "ठेवलेलीच होती ती," ती म्हणाली. "मांडवात. आणि मी मातीतले मासे वेचत होते. जा तुम्ही."

पलीकडची मासळीवाली खुदकन हसली. यमुनाबाई हसली नाही. दादूकडे वळून तिनं त्यालाही सुनावलं, की तो माणूस पाप म्हणाला तेव्हा तुम्ही मान डोलावलीत, मी बघितलं.

कमळा बरेच दिवस समोर आली नव्हती. एका संध्याकाळी विहिरीवर गाठ पडली तेव्हा ती घागर खाली ठेवून उगाच उभी राहिली. त्या दिवशी मी उतरले, ते चुकलं, असं काहीतरी पुटपुटली. यमुनाबाईनं आपला दोर ओढून घेतला, घागर भरली आणि जाता जाता म्हणाली, "तुला जागा नाय गाडीत. टोपलीला हाय."

तेव्हापासून कमळा टेंपोतून मोकळ्या हातांनी जायची आणि तिची टोपली गाडीच्या पुढच्या कप्प्यात. मग सखूची टोपली आली. पेट्रोलला त्यांनी आपापला वाटा दिला. काशीरामच्या टेंपोत फाळक्याशी बायका रिकाम्या बसू लागल्या, आणि आरशात बघताना त्याला त्या हसताहेत असं वाटू लागलं. बहुतेक हसतच होत्या.

पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीत काशीरामनं विषय काढला. वाडीत लहान मुलं रस्त्यावर खेळतात. शर्यतीची गाडी रोज जाते-येते. एखाद्याचं पोर गेलं म्हणजे? खरं तर खालून दगड लागून इंजिनाचं चेंबर फुटायच्या धास्तीनं दादू वाडीतून बैलगाडीच्या पुढे जात नसे. ते सगळ्यांना माहीत होतं. पण 'शर्यतीची' हा शब्द पडला आणि माना हलल्या. चार दिवसांत काशीरामच्या कुंपणाशी, रस्त्यावर आडवे चिरे बसवून उंचवटा उभा राहिला. टेंपोची चाकं उंच. तो त्यावरून डोलत निघून जायचा. लाल गाडी पहिल्याच सकाळी त्याच्यावर घासली, खालून खरवडल्याचा आवाज आला आणि दादूनं ती मागे घेतली.

यमुनाबाई घरी आली ती कुदळ घेऊन बाहेर पडली. दादू दारात आडवा झाला. तू उंचवटा फोडावास अशीच काशीरामची इच्छा आहे, म्हणाला. सरकारी काम मोडलं म्हणून तुला पोलिसांत नेईल आणि गाडी कायमची बंद होईल.

"मग काय करू? परत त्याच्या टेंपोत बसू?" तिचा आवाज चिरकला. "त्याच पायाजवळ?"

दादू तिथंच पायरीवर टेकला. तीही कुदळ मांडीवर घेऊन पायरीवर बसली. समोर वाळूवर होड्या ओढून ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली फळ्या. ती बघत राहिली. होडीचंही पोट खाली असतं. ती कुठं दगडावर घासते?

फळ्या सापडल्या, आणि तिथंच तिच्याकडून घोटाळा झाला. होडी ओढायची तर फळ्यांना मुशी माशाचं तेल चोपडतात, म्हणजे होडी सरकते. लहानपणापासून तिच्या हाताला ते वळण होतं. तिनं विचारही केला नाही. संध्याकाळी बसून तिनं दोन्ही फळ्यांना तेल चोपडलं, चांगलं जिरेपर्यंत. दादूला सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलं नाही.

सकाळी तिनं फळ्या टाकल्या. पुढची चाकं वर चढली, पलीकडे उतरली. मागची चाकं फळ्यांवर आली आणि जागच्या जागी गरगरली. एक फळी सुसाट मागे गेली. गाडीचं नाक कडेच्या गटाराकडे घसरलं आणि पोट चिऱ्यांवर टेकलं. रस्ता अडला. जळक्या तेलाचा वास सुटला, आणि मागून माणसांनी भरलेला काशीरामचा टेंपो आला.

काशीराम उतरला. गाडीला एक फेरी घातली. फळीवर बोट फिरवून त्यानं नाकाशी नेलं. "यमुनावैनी, गाडीला मुशीचं तेल? तळायची हाय काय?"

टेंपोतली माणसं हसली. मग त्यानं मोठ्या मनाच्या माणसाचा आवाज काढला. दोरी लावून ओढतो म्हणाला. टोपल्या माझ्या टेंपोत टाका. उद्यापासूनही तिथंच टाका, झालं गेलं सोडून द्या. "मागची जागा तुमचीच हाय, वैनी. कुणाला दिलेली नाय."

यमुनाबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. तेलानं चकाकत होते. काशीरामपेक्षा त्या क्षणी तिला या हातांचा जास्त राग आला. तिनं ते लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले. ऊन कुंपणावरून खाली उतरत होतं. कप्प्यात बर्फाचं पाणी होत होतं.

दादू गाडीखालून बाहेर आला. हळू आवाजात म्हणाला, वजन सगळं मागं हाय. टोपल्या काढल्या तर नाक हलकं हाय, उचलेल. पण माणसं पायजेत.

माणसं कुठली. वाडीतले पुरुष मुंबईत, नाहीतर बोटीवर. टेंपोतून कमळा खाली उतरली. या वेळी तिला कुणी उतर म्हटलं नव्हतं. तिनं ओचा खोचला आणि गाडीच्या नाकाला हात घातला. मागून सखू उतरली, मग बाकीच्या. पुरुष घरी नसत म्हणून दर पावसाआधी वाडीतल्या होड्या याच बायका वर ओढत. गाडी होडीपेक्षा फार जड होती असं नाही.

टोपल्या काढायच्या होत्या. यमुनाबाईनं आपली टोपली उचलली आणि ठेवायला जागा बघू लागली. खाली तांबडी माती. सगळ्या बायकांचे हात गाडीला लागलेले. एकटा काशीराम रिकाम्या हातांनी उभा होता, पांढऱ्या शर्टात. ती त्याच्यासमोर गेली आणि टोपली त्याच्या हातांत दिली.

"धर," ती म्हणाली. "खाली ठेवलीस तर बघ."

टेंपोतली माणसं आता हसत नव्हती. ओट्यावर काशीरामची आई येऊन उभी राहिली होती. नुसती मुलाच्या हातांकडे बघत राहिली. काशीरामनं टोपली धरली. कमळानं येऊन तिच्यावर आपली ठेवली, सखूनं तिसरी. बर्फाचं पाणी त्याच्या बाह्यांतून कोपरापर्यंत आणि तिथून शर्टावर गळू लागलं.

होडी ओढतानाची आरोळी देऊन बायकांनी गाडीचं नाक उचललं, सरळ केलं. मागच्या चाकांखाली फळ्या पुन्हा घातल्या, पण तेल तसंच होतं. तेव्हा ओट्यावरची म्हातारी आत गेली आणि करवंटीभर राख घेऊन आली. फळ्यांवर ती तिनंच पसरली, वाकून, हातानं. दादूनं गाडी सुरू केली. बायकांनी मागून जोर लावला. गाडी पलीकडे गेली.

यमुनाबाईनं घाई केली नाही. कप्पा पुसला. फळ्या टपावर बांधल्या. मग एकेक टोपली काशीरामच्या हातांतून घेऊन आत ठेवली, आणि आपल्या टोपलीला हात लावून तो कपाळाला लावला.

पुढे वाडीत ही हकीकत लोक हसत सांगत. काशीरामचा शर्ट कसा भिजला, तो कसा खांबासारखा उभा होता. यमुनाबाईसमोर कुणी सांगू लागलं की ती उठून जायची. त्यानं पाय लावला होता. हात लावायला लावल्यानं तो पाय पुसला गेला, असं तिला वाटत नव्हतं.

दोनेक वर्षांनी रस्ता डांबरी होणार म्हणून ग्रामपंचायतीनं उंचवटा काढायचं ठरवलं. दादूला आनंद झाला. यमुनाबाई आयुष्यात पहिल्यांदा सभेला गेली, शेवटच्या रांगेतून उठली आणि म्हणाली की तो राहू दे. लोकांना वाटलं चुकून बोलली. तिनं पुन्हा सांगितलं. "माझी गाडी हाय, माझ्या फळ्या हायत. मला रोज त्याच्यावरनं जायचंय." काशीराम टेबलाकडे बघत राहिला. उंचवटा ठेवायचं ठरलं. डांबर आलं ते उंचवट्याच्या वरून गेलं, आणि तो तसाच राहिला.

खाऱ्या हवेनं गाडीचे काठ खाल्ले. सायलेन्सर तारेनं बांधला. फाटक्या कातड्यावर गोणपाट आलं. सुरुवातीला प्रत्येक ओरखड्यापाशी दादू बोट फिरवत बसायचा. पुढे ते सुटलं. मांडवात होती तेव्हा ही गाडी सुरू व्हायला कुंथायची. आता पहाटे एका चावीत सुरू व्हायची. यमुनाबाईचा राग मात्र मऊ झाला नाही. गुडघे वाईट झाले, उतरायला वेळ लागू लागला, तरी फळ्या तिनं दादूला टाकू दिल्या नाहीत.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर तिला खोकला झाला. त्यातही ती बाजार करत राहिली. शेवटच्या दिवशीही सकाळी ती उतरली, फळ्या टाकल्या, काशीरामला रोजचं ते ऐकवलं, आणि दुपारी थोडी लवकर परत आली. छातीत जड वाटतंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे दादू उठवायला गेला तेव्हा तिचं अंग गार पडलं होतं. आदल्या संध्याकाळी ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. दादू अंगणात गाडीचा पुढचा कप्पा धूत होता. राग आल्यावर बोलायची त्याच आवाजात ती म्हणाली, "अवो, फळ्या आत घ्या त्या. दंवात भिजतायत."